साबणामागची गोष्ट

दवाखान्यात शिंपीणबाई आपल्या नंबराची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारी नणंद-भावजय कुजबुजत होत्या. ऐकायचं नाही म्हटलं तरी कानावर पडतच होतं.

"वहिनी, दादाचा आजार तू दुकानाच्या पेजवर टाकलास?"

"तो ऑनलाइन सल्लागार म्हणाला, नुसता साबण कोणी घेत नाही, त्यामागची गोष्ट घेतात."

"पण दादाला स्वतःलाच अजून माहीत नाही!"

"आज डॉक्टरांसमोर सांगणारच होते गं. इतक्या ऑर्डरी येतील असं कुठे वाटलं होतं?"

"आधी काढून टाक ते!"

"काढतेय गं, काढतेय."

तेवढ्यात एक्स-रेच्या खोलीतून तो दादा मोबाइल बघत, हसत बाहेर आला.

"अगं, आपला साबण चाललाय की! पण ही गिऱ्हाइकं मला 'धीर धरा' असं का लिहितायत?"

शिंपीणबाईंनी सरकून त्याला बसायला जागा दिली.