साडेनऊची सही

निशिगंध सहकारी गृहरचना संस्थेचे अध्यक्ष माननीय रंगराव थोपटे, सचिव श्री. अभय सबनीस, आजचे सत्कारमूर्ती आदरणीय श्री. शरच्चंद्र गोविंद वैशंपायन, त्यांना घेऊन जायला इंदूरहून आलेल्या त्यांच्या कन्या कादंबरीताई, आणि रविवारची दुपारची झोप मोडून या हॉलपर्यंत आलेल्या माझ्या सर्व शेजाऱ्यांनो,

अभयरावांनी आत्ता माझी ओळख ‘आपल्या सोसायटीच्या तरुण उद्योजिका’ अशी करून दिली. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. पण समोरच्या रांगांकडे बघता त्यांचं फारसं चुकलेलं नाही, तेव्हा मी ते मानून घेते. खालच्या फळ्यावर त्यांनी असंही लिहिलंय, की सुरुची देवस्थळी ‘संयम आणि चांगल्या सवयी’ या विषयावर दोन शब्द बोलतील. शब्द दोनपेक्षा जास्त होतील. आणि यातला संयमही माझा नाही, सवयीही माझ्या नाहीत. दोन्ही पहिल्या मजल्यावरून उसने आणलेले आहेत. ज्यांच्याकडून आणले, ते वैशंपायनकाका परवा इंदूरला कायमचे राहायला चाललेत, म्हणून मला आज बोलणं भाग आहे.

माझा व्यवसाय आपल्यापैकी बहुतेकांना वासावरून माहीत आहे. मी निळीत कापड रंगवते. खरी नीळ, झाडाच्या पानांची. एका पिंपात नीळ, चुना आणि गूळ घालून ती जागी करायची, आणि मग रोज तिची काळजी घ्यायची. सहा वर्षांपूर्वी हिंजवडीतली नोकरी सोडून मी हे सुरू केलं आणि सोसायटीनं गच्चीवरची टाकीशेजारची रिकामी खोली मला वापरायला दिली. ती खोली देण्याच्या सभेत काय काय बोललं गेलं, ते मी विसरलेले नाही. पण आजचा प्रसंग वेगळा आहे.

एकट्यानं काम करणाऱ्या माणसाची अडचण काय असते, कुणी विचार केलाय का? लोकांना वाटतं, पैशाची किंवा गिऱ्हाइकाची असेल. ती असतेच. पण हिंजवडीला असताना मला दहा मिनिटं उशीर झाला, तर कंपनीच्या बसचा ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवायचा. नोकरी सोडल्यावर पहिल्या पावसाळ्यात मी एक अख्खा दिवस पलंगावरून उठले नाही, आणि जगात कुणाला त्याचा पत्ता लागला नाही. संध्याकाळी मला त्याची भीती वाटली. मग मी मोबाइलवर सवयी लावायची दोन ॲप घेतली आणि पहाटे उठणाऱ्या यशस्वी लोकांचे व्हिडिओ बघितले. ते बघता बघता अकरा वाजायचे.

आणि गच्चीवर गेल्यावर काय करायचे मी? पिंप ढवळायचे. निळीचं पिंप दिवसातून एकदा, हलक्या हातानं ढवळायचं असतं आणि मग झाकून ठेवायचं असतं. मला स्वस्थ बसवायचं नाही. दर तासाला झाकण काढून बघायचे, रंग नीट वाटला नाही की पुन्हा ढवळायचे. जास्त ढवळलं की हवा आत जाते आणि पिंप मरतं. अशी तीन पिंपं मी मारली. चौथं जगलं, तर पहिल्या मोठ्या मागणीच्या चाळीस ओढण्या मी त्यात एकदमच तास-तास बुडवून ठेवल्या. निळीत कापड दोन मिनिटं बुडवायचं, बाहेर काढायचं, वारा द्यायचा, पुन्हा बुडवायचं, असं दहा-बारा वेळा करायचं असतं. तेव्हा रंग आत मुरतो. माझ्याकडे तेवढा धीर कुठला असायला? ओढण्या दिसायला सुंदर झाल्या, आणि पंधरा दिवसांनी चाळीसच्या चाळीस परत आल्या. गिऱ्हाइकांच्या माना निळ्या झाल्या होत्या.

त्या दिवशी मी टाकीला टेकून रडत होते. काका पाण्याची पातळी बघायला वर आले. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस, निवृत्त झाला तरी रोज कुठलं तरी पाणी मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी टाकी बघितली, मला बघितलं, आणि विचारलं, “तुमचं ऑफिस किती वाजता उघडतं?”

मी म्हटलं, “माझंच आहे काका. केव्हाही उघडतं.”

“मग ते ऑफिस नाही,” काका म्हणाले. “ती गच्ची आहे.” आणि खाली निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटावर एक लांबट वही होती. रेघा मारलेल्या, रकाने पाडलेले, दोऱ्यानं पेन बांधलेलं. मस्टर. पहिलं नाव श. गो. वैशंपायन, दुसरं सु. म. देवस्थळी. मी विचारलं, तुमचं नाव कशाला? तर म्हणाले, “एकट्याचं नाव असेल तर ते मस्टर नाही, डायरी आहे.” वेळ साडेनऊ. दहा मिनिटं सवलत. त्यानंतर लाल शाईनं लेट मार्क. तीन लेट मार्कांना एक सीएल कापली जाईल. संध्याकाळी साडेपाचला जातानाची सही, आणि साडेपाचनंतर काम करायचं असेल तर लेखी अर्ज. मी एकदा अर्ज केला होता. नामंजूर झाला.

शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. त्यात रोज पिंपाबद्दल एक ओळ लिहायची. वास कसा, फेस कसा, पाणी पिवळं की हिरवं. पहिले दोन महिने मी वैतागून ‘ठीक’ एवढंच लिहायचे. काकांनी समोर लिहिलं, ‘ठीक म्हणजे काय ते कळवावे.’ मग मी लिहायला लागले. वर्षभरानं ते रकाने उलटून बघितले तेव्हा कळलं, की थंडीत पिंप उशिरा जागं होतं, गूळ बदलला की रुसतं, आणि मी लेट असते त्या दिवशी हटकून बिघडतं. माझी विद्या म्हणून जी काय आहे, ती त्या रकान्यात आहे. मस्टरच्या प्रत्येक पानावर माझ्या अंगठ्याचे निळे डागही आहेत, त्याबद्दल मला वेळोवेळी समज देण्यात आलेली आहे.

एक गंमत सांगते. साडेनऊ ते साडेपाच काका मला ‘अहो देवस्थळीबाई’ म्हणायचे. साडेपाचची सही झाली, की ‘सुरुची, चहा घेतेस का?’ काकांच्या पत्नी सरोजिनीकाकूंना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्या चहाला दोन कप ओट्यावर आधीच काढून ठेवलेले असायचे. मी ते रोज बघत होते, आणि तरी मला काही कळलं नाही.

आता जे सांगायचंय, ते समारंभात सांगतात की नाही, मला ठाऊक नाही. काकांच्या डोळ्यांकडे न बघता सांगते.

गेल्या वर्षी माझं काम वाढलं. खडकवासल्याच्या पुढे एक शेड घेतली, पाच पिंपं लावली. ट्रॅफिक टाळायला सकाळी आठलाच निघायला लागले. पहिल्या दिवशी वाटलं, काकांना संध्याकाळी सांगू. संध्याकाळी उशीर झाला. मग सांगायचं राहून गेलं, आणि काही दिवसांनी, इतके दिवस का सांगितलं नाही, याची लाज वाटायला लागली. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत मी एकही सही केली नाही. काकांकडे स्वयंपाकाला येणाऱ्या दुर्गाबाई मला जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, “ताई, काका रोज साडेनवाला दार उघडून बसत्यात. इथंच राहायला हायेत ना तुम्ही?” मी म्हटलं, उद्या येते. गेले नाही. मला वाटत होतं, मला आता मस्टरची गरज उरलेली नाही. मला सवय लागली आहे.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी साडेआठला काका न्हाणीघरात पडले. साडेनऊला त्यांचं दार उघडलं नाही. त्या वेळी दारासमोर उभं राहून ‘काका, मस्टर कुठेय?’ असं विचारणारं एकच माणूस या इमारतीत होतं, आणि ते खडकवासल्याला पिंप ढवळत होतं. बारा वाजता दुर्गाबाई त्यांच्याजवळच्या किल्लीनं आत आल्या. साडेतीन तास काका ओल्या फरशीवर होते.

हॉस्पिटलात मी त्यांना म्हटलं, “काका, मी यायला हवं होतं.” ते म्हणाले, “दौऱ्यावरच्या माणसानं हजेरीला यायचं नसतं.” मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलतायत. त्यांचे कपडे आणायला घरी गेले, तर चपलांच्या कपाटावर मस्टर होतं. मी उघडलं. जूनपासून रोज, पहिल्या ओळीत काकांची सही, वेळ साडेनऊ. दुसऱ्या ओळीत, माझ्या नावापुढे, त्यांच्या अक्षरात, ‘दौऱ्यावर’. रोज. एकही लाल खूण नाही. एकदाही ‘गैरहजर’ नाही. ते पडले त्या तारखेला दोन्ही ओळी कोऱ्या होत्या.

तोवर मी समजत होते, की हजेरी माझी घेतली जाते. ती दोघांची होती, हे मला त्या दिवशी कळलं. मंडळी, मला फार वाईट वाटतं त्याचं. अजूनही वाटतं, आणि काका इंदूरला गेल्यावर ते कमी होईल असं मला वाटत नाही.

जानेवारीपासून मी पुन्हा साडेनऊला सही करून मग शेडवर जाते. पिंपांचं काही बिघडलं नाही. अकराला गेलं तरी ती वाट बघतात. मगाशी अध्यक्षांनी काकांच्या खांद्यावर जे उपरणं घातलं, ते याच दिवसांतलं आहे. रोज सही झाल्यावर ते एकदाच बुडवायचं, असं सोळा दिवस केलंय. काका केव्हापासून ते अंगठ्यानं घासून बघतायत. बघा काका. हाताला लागणार नाही.

काल त्यांनी मला रीतसर चार्ज दिला. यादी केली होती. मस्टर एक, निळं पेन एक, लाल पेन एक, दोरा सुमारे दोन फूट. खाली ‘चार्ज दिला’ आणि ‘चार्ज घेतला’. मी सही केली आणि बाहेर येऊन जिन्यात बसून राहिले. लाल पेन घ्यायला मी नको म्हणत होते. स्वतःला लेट मार्क कोण देतं, काका? ते म्हणाले, “त्यासाठीच तर सहा वर्षं शिकवलं.” मी म्हटलं, रोज साडेनऊला इंदूरला फोन करते. तर उत्तर आलं, फोनवरची हजेरी ग्राह्य नाही.

कादंबरीताई, तुम्ही वडिलांना नेताय, ते योग्यच आहे. माझी एक विनंती आहे. रोज साडेनऊला त्यांना काहीतरी विचारत जा. चहा झाला का, एवढं विचारलंत तरी चालेल.

अभयरावांनी सुचवलंय, की मस्टर आता खाली पत्रपेट्यांपाशी ठेवू, एकटी राहणारी सगळी मंडळी सही करतील. चांगली सूचना आहे. या इमारतीत एकटी राहणारी आम्ही आठजणं आहोत, मी मोजलंय. ठेवू कधीतरी. पण लगेच नको, मला थोडे दिवस द्या.

परवा पहाटे काका निघतील. साडेनऊला मी पहिल्या मजल्यावर जाईन. दार बंद असेल. चपलांचं कपाट कादंबरीताईंनी माझ्यासाठी तिथेच ठेवलंय. दुसऱ्या ओळीत मी सही करीन, पिंपाबद्दल एक ओळ लिहीन. आणि पहिल्या ओळीत, श. गो. वैशंपायन या नावापुढे, माझ्या हातानं लिहीन, ‘दौऱ्यावर’. रोज लिहीन.

अध्यक्षमहाराज, आपण मला वेळ दिलात, मंडळींनी ऐकून घेतलं, मी आपली ऋणी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कमी-जास्त झालं असेल, तर ते पोटात घालावं. आणि काका, माझं जिथं जिथं चुकलं, तिथं लाल खूण करायला तुमच्याकडे उद्याचा एक दिवस आहे. पेन मी घेऊन येते. साडेनऊला.