एकेक घोट सांगायचा

द्राक्षमळे आणि समुद्रकिनारा दाखवणाऱ्या सहलीच्या बसमध्ये शिवणकामावर घर चालवणारी एक ताई एकटीच बसली होती. पुढच्या सीटवर एक म्हातारं जोडपं होतं. त्यांचं बोलणं कानावर पडलं आणि तिनं मोबाइलवरचं गाणं बंद केलं.

"आधी मळ्यात वाइन चाखू, मग समुद्रात होडी वल्हवू."

"होडीत बसेन हो. पण वाइन मला कशाला? त्या तापापासून जिभेला चव नाही की नाकाला वास नाही."

"मी चाखतो आणि तुला सांगतो."

"तुम्ही? उभ्या जन्मात थेंब घेतला नाहीत."

"म्हणून तर खरं खरं सांगेन."

"आणि चव परत आलीच नाही तर?"

"तर रोज सांगेन."

"चाळीस वर्षांत माझ्या भाजीला कधी बरी म्हणाला नाहीत."

"डबा रिकामा आणायचो ना. वाटायचं, तुला कळतंय."

"नव्हतं कळत. सकाळचा चहा कसा झाला होता?"

"साखर घालायची राहिली होती."

"आणि तुम्ही गपचूप प्यायलात?"

"दोन कप."

"हे बघा, वाइन अशी गपचूप प्यायची नाही. एकेक घोट मला सांगायचा."