पंगतीला बसायची शिक्षा

माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं, वैशाखऱ्याच्या अलीकडं, मेन रोड सोडून आत गेलं की आमचं गाव, आणि मला दिली शहापूरला, म्हणजे शहापुरात नाय, बाजारापासून पायी जाता येईल एवढ्यावर आमची वाडी, पण सांगताना शहापूरच सांगायचं. माहेरी भातशेती, आमी दोघंच भावंडं, मी आणि दादा, दादा माज्याहून मोठा, आईबाप लवकर गेले तर बापाच्या जागी तोच. तुमी आलात ह्यांच्याबद्दल विचारायला, आणि मी आपलं माहेरच सांगत बसले, पण काय सांगू तुमाला, ह्यांची गोष्ट माज्या माहेरावरूनच जाते, दुसरा रस्ता नाय तिला.

हे बाजारात भाताच्या गिरणीवर कामाला होते. घरी यायचे ते भुवयांत कोंडा घेऊन, पोरं बोलायची बाबा म्हातारे झाले. मी सकाळी शेतावर जायची तर मुलीच्या वेण्या हेच घालायचे, आणि माज्यापेक्षा चांगल्या घालायचे, खोटं कशाला बोलू. मुलाला तापात मांडीवर घेऊन भिंतीला टेकून झोपायचे. घरातलं कधी कमी पडू दिलं नाय. पण गावात कुणाचं काय असलं की पहिली हाक ह्यांना. कुणाची सून अडली, रिक्षा आणायला हे. कसाऱ्याच्या रोडला गाडी पलटी झाली, उचलायला हे. कुणी गेलं, बांबू तोडायला हे. आणि मंडळात बघाल तर नाव कुठंच नाय, ना अध्यक्ष ना खजिनदार, फोटोत शोधाल तर दिसायचे नाय, कारण फोटो काढायच्या टायमाला हे पाठीमागं सतरंज्या गोळा करत असायचे.

पण खरा जीव पंगतीत. लग्न असो, पूजा असो, तेरावं असो, कमरेला टॉवेल बांधला, भाताची परात उचलली की हा माणूस दुसराच व्हायचा. ह्यांनी वाडीतल्या जाणत्या माणसांची टोळीच केली होती वाढप्यांची, टेम्पोत बसून गावोगाव जायची. कुणी वाटाणा-बटाट्याच्या भाजीला, कुणी डाळीच्या बादलीला, भात मात्र ह्यांचाच. आमच्या स्वतःच्या लग्नात मुंडावळ्या बाजूला सारून करवल्याला विचारत होते, शेवटच्या रांगेला डाळ पोचली का रे. तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

मला एकच गोष्ट पाहिजे होती हो. दागिना नको, काय नको. लग्नाकार्यात बाकीच्या बाया नवऱ्याच्या बाजूला बसून जेवतात, नवरा आपल्या पत्रावळीवरची बुंदी बायकोच्या पत्रावळीवर सारतो, तेवढं मला पाहिजे होतं. ह्यांला बोलले तर हसायचे, बोलायचे, काय गो, घरी जेवतो ना रोज तुज्यासमोर. मी बोलायची, घरी मी वाढते, तेव्हा मी कुठं बसते. आणि पुढच्या लग्नात पुन्हा परात. माज्या समोरून वाढत जायचे आणि मला विचारायचे, बाई, भात घेणार का. बाई! लोक हसायचे, मी बी हसायची, पण वाईट वाटायचं, का नाय वाटणार.

मंग दादाच्या मोठ्या मुलीचं लग्न निघालं. दादाच्या घरचं पहिलं कार्य. दादा ह्यांला आधीच बोलला, भावोजी, पंगत तुमच्यावर सोडली, मी बघणार नाय. हे बोलले, बघूच नका. मी अगोदर जाऊन राहिले, हे टोळी घेऊन लग्नाच्या दिवशी सकाळी निघणार. निघाले टायमावर. आणि वाटेत सरळगावच्या पुढं कुठंतरी रोडच्या कडेला मांडव, आणि मांडवात पंगत बसलेली, पत्रावळी मांडलेल्या, आणि वाढायला माणूस नाय. त्यांचे वाढपी आलेच नव्हते म्हणे. आता कुणी बी पुढं निघून गेला असता. ह्यांनी टेम्पो थांबवला. ना ओळख ना पाळख, नवरा कोण नवरी कोण माहीत नाय. बोलले, एकच पंगत रे, बसलेल्या माणसाला ताटकळत ठेवून कसं जायचं. कमरेला टॉवेल बांधले सगळ्यांनी आणि उतरले खाली. एक पंगत उठली तर दुसरी बसली, दुसरीत म्हातारी माणसं, त्यांला सोडून कसं जायचं, मंग तिसरी.

इकडं माज्या माहेरी काय झालं असेल तुमीच बघा. वराकडची माणसं बसलेली, पत्रावळी कोऱ्या, भात टोपात गार होतोय. मी रोडला नजर लावून उभी. दादा, नवरीचा बाप, नवं धोतर नेसलेला, त्यानं स्वतः परात उचलली, त्याला सवय नाय, अर्धा भात पत्रावळीवर अर्धा माणसांच्या मांडीवर. वराकडचा एक म्हातारा बोलला, मुरबाडवाल्यांकडं वाढप्यांचा दुष्काळ दिसतो. दादाच्या तोंडावरचा रंगच गेला. मला धरणी फाटावी असं झालं.

आणि शेवटची माणसं हात धूत होती तेव्हा टेम्पो आला. हे उतरले. डोक्यावर नवी पांढरी टोपी, कपाळाला कुंकू, हातात नारळ! त्या अनोळखी लोकांनी मानपान केला होता, कुणीतरी जवळचे पाव्हणे समजून. विचारायची गरजच राहिली नाय, टोपीनंच सगळं सांगितलं. दादा सगळ्यांसमोर बोलला, भावोजी, आजपासून माज्या घरच्या कार्यात तुमी भाताला हात लावायचा नाय. जावई म्हणून यायचं, पत्रावळीवर बसायचं, जेवायचं आणि जायचं. दुसऱ्या कुणाला हा मान वाटला असता. ह्यांचे डोळे भरले.

वर्षभर दोघं धड बोलले नाय. मला माहेर तुटतंय असं वाटायचं. मी गिरणीवर डबा घेऊन गेले तर हे भाताची पोती भरताना बी बोलायचे, तुज्या दादानं माझी परात काढून घेतली गो.

मंग दादाच्या दुसऱ्या मुलीचं लग्न. गेलो. दादा मला बाजूला घेऊन बोलला, बाय, तू ह्यांच्या शेजारी बस, एकटे बसवले तर उठून पळतील, राखणीला बस. आणि काय सांगू तुमाला, मी बसले! लग्नाला किती वर्षं झाली होती, पोरं मोठी झाली होती, आणि पहिल्यांदा मी पंगतीला ह्यांच्या बाजूला बसले. ह्यांचं कुठं जेवणावर ध्यान, मान वर करून ओरडतायत, अरे त्या कडेला डाळ नाय पोचली, अरे भात दाबून नको वाढू, मोकळा सोड. मी सदरा धरून खाली ओढते, जेवा मुकाट. मंग जरा शांत झाले, माज्या पत्रावळीकडं बघितलं आणि आपली बुंदी माज्याकडं सारली. बोलले, तुला आवडते ना. मी आधी तीच खाल्ली.

जेवणं झाल्यावर दादा माज्याजवळ आला, बोलला, बाय, बस झालं, पुढच्या कार्याला भावोजींना परात देऊन टाकतो. मी त्याचा हात धरला, बोलले, दादा, माज्या गळ्याची शपथ, इतक्यात माफ करू नको. दादा जो हसला. तसा तो ह्यांच्याशी नीट बोलायला लागला, भाताच्या लावणीला आमच्याकडं येऊन राहिला, पण शिक्षा तशीच ठेवली. पूजा, बारसं, साखरपुडा, माहेरी काय बी असलं की मी राखणीला. सगळ्या दुनियेत हे वाढायचे, माज्या माहेरी जेवायचे.

शेवटचं कार्य दादाच्या धाकट्या पोराचं लग्न. तेव्हा दादा बी थकलेला. पंगत बसली आणि दादा स्वतः परात घेऊन आला ह्यांच्यासमोर, सगळ्या गावादेखत बोलला, भावोजी, झालं गेलं, घ्या. मी खाली बघत बसले. वाटलं, गेला आता हा माणूस. ह्यांनी परातीला हात लावला, भात कसा शिजलाय ते बोटानं बघितलं, आणि बोलले, नाय दादा, दुसऱ्या कुणाला द्या. हितं मी बाईच्या बाजूला बसतो.

त्यानंतरच्या हिवाळ्यात हे गेले. फार झोपून राहिले नाय, कुणाला त्रास दिला नाय. तेराव्याला टोळी आली, रडत होती पण कमरेला टॉवेल होते. आणि दादानं परात कुणाला दिली नाय, स्वतःच घेऊन माज्यापर्यंत आला आणि वाढलं, अर्धा भात माज्या मांडीवर. मला हसू आलं हो, तेराव्याला, सगळ्यांदेखत. दादा बी हसला आणि परात खाली ठेवून माज्या शेजारची जागा रिकामी होती तिथं बसला.

आता माझं बरं चाललंय. मुलगा, सून, नातवंडं हायेत, मुलगी येते जाते, वाडीतले लोक अजून ह्यांच्या नावानं दारात हाक मारतात. हल्ली हॉलमधे लोक प्लेट घेऊन उभ्यानं जेवतात, मी खुर्ची मागून घेते. तुमचं लग्न झालंय म्हणालात ना, मंग देव करो आणि जेवताना तुमचं माणूस कायम तुमच्या बाजूला बसो. समोर नको, बाजूला.