आठव्या माळेचे फ्राईज

…न्हाई मावशी, संपले म्हणजे संपले — हाव, दिसून राहिलेत तुम्हाला, काचेमागं, पिवळे-पिवळे, मलाही दिसून राहिलेत, पण ते तुमच्यासाठी न्हाईत. मका देऊ उकडलेला? — मका उपवासाला चालत न्हाई, खरंय. मग पाणी घ्या. बसा, घ्या पाणी. बोर्ड? वाचलाय मी बोर्ड. मीच लिहिलाय तो — ‘उपवास स्पेशल फ्राईज, वेगळी कढई, शेंगदाणा तेल, शेंदेलोण’ — अन् बाजूला ते घटाचं चित्र. लोटा न्हाई तो मावशी, घट आहे, माझी चित्रकला तेवढीच आहे.

तुम्ही तिसऱ्या माळेला आला होतात ना? अनवाणी. मला तुमचे पाय आठवतात, आमची फरशी गार, तुम्ही एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतात. दोन पुडे नेले तुम्ही, एक जावेसाठी. परवा पुन्हा आलात. म्हणून तर आज माझ्यानं देववत न्हाई — आता का देववत न्हाई ते विचारू नका. विचारलंच? बरं. मशीन खराब आहे. न्हाई, खराब न्हाई, बघा, लगेच लाल होते मी. खोटं बोलायचं म्हटलं की कानापासून सुरू होतं माझं.

मी शिवांगी. छातीवर लिहिलंच आहे. मूळचे आम्ही उमरीचे, माझ्या शिक्षणासाठी आई अन् मी इथं नांदेडला खोली करून आहोत. बारावीला आहे मी — सकाळी कॉलेज, एक ते सहा इथं. मला वाटलं होतं, एसीत उभं राहायचं, गोड आवाजात ‘वेलकम’ म्हणायचं. पहिल्या दिवशी इतक्या जोरात म्हटलं की एक आजोबा दारातूनच माघारी गेले, त्यांना वाटलं पोरगी हाकलून राहिली. दुसऱ्या दिवशी बर्गर दिला करायला — मी तो वरून चांगला थापला, ज्वारीच्या भाकरीसारखा, चारी बाजूंनी बोटं फिरवून. गिऱ्हाईकानं विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, बर्गर आहे, बसलाय जरा. आमचे मॅनेजर, सुदर्शन सर, म्हणाले, शिवांगी, तू तळणावरच राहा, बटाटा काही तुझ्यानं बिघडायचा न्हाई. ऐकून घ्या मावशी — बटाटा काही बिघडायचा न्हाई.

मग घट बसायला दोन दिवस उरले, अन् सर म्हणाले, आता दुकान ओस पडणार. अर्ध्या नांदेडचा उपवास, चीज-मैदा खातंय कोण? सर कपाळाला हात लावून बसले, अन् मला सुचली हुशारी. म्हटलं, सर, बटाटा तर चालतो की उपवासाला. आमची आई काय खाते? बटाटा, भगर, साबुदाणा. आपण फ्राईज वेगळे तळू. सरांनी पहिल्यांदा माझ्याकडं माणसासारखं बघितलं. मग काय, मी घरून शेंदेलोण आणलं डब्यात. नवी कढई आणायला लावली, पहिल्या माळेला तिला हळदकुंकू लावलं. कांद्याचा झारा तिकडं, हा झारा इकडं — चुकून कोणी हात लावला की मी ओरडायचे, “विटाळलं!” — सोवळ्यातल्या आजीसारखी, अन् अंगात जीन्स. रांगा लागल्या मावशी. बायका म्हणायच्या, पोरगी लई श्रद्धेची आहे. मी मान खाली घालून हसायचे. हसायचे बरं का.

आज दुपारी फ्रीज पुसून राहिले होते. बटाट्याची पुडकी येतात आम्हाला, चिरलेली, गोठवलेली — तुम्हाला वाटलं आम्ही सोलतो? मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. तर पुडकं हातात, अन् रिकामं बसलं की वाचायची सवय. मागच्या बाजूला बारीक अक्षरात — बटाटा. तेल. अन् तिसरं, गव्हाचं पीठ. कुरकुरीत राहावं म्हणून पातळ लेप देतात म्हणे कारखान्यातच. मी तीन वेळा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. सायन्सला आहे मी मावशी, रोज रसायनं वाचते, अन् आठ दिवस हातातलं पुडकं उलटं करून बघितलं न्हाई. कढईला कुंकू, अन् आत गहू!

सरांना सांगितलं. ते म्हणाले, पीठ दिसतं का कुठं? देवी काय सूक्ष्मदर्शक घेऊन बसली का? उद्या नववी माळ, सगळ्यात जास्त गर्दी, तोंड बंद ठेव, अन् सुट्टीबिट्टी मागितलीस तर पुन्हा येऊ नकोस.

रागवा ना मावशी. अशा बघून नका राहू. तुम्ही रागावलात तर मला जरा अंदाज येईल. कसला म्हणजे — काही न्हाई. आईचा. आईला सांगायचंय मला. तुम्ही माझी रंगीत तालीम.

आई पण रोज तेच खाते. दिवसभर काही न्हाई, संध्याकाळी दिव्यात तेल घातलं की एकदाच. पहिल्या माळेला मी पुडा नेला, म्हटलं, आई, मी तळलेत, तुझ्यासाठी. तिनं कपाळाला लावला, देवीपुढं ठेवला, मग खाल्ला. रोज. अन् उपवास कशासाठी? माझ्यासाठी! मागच्या वर्षी मला कावीळ झाली होती, डोळे हळदीसारखे, महिनाभर. तिनं माहूरच्या रेणुकामातेला बोलून ठेवलं — पोर उठू दे, नऊ माळा करीन, अनवाणी येऊन ओटी भरीन. पोर उठली. अन् उठून काय केलं? तळणापाशी उभी राहिली, अन् आईच्या नवसाला गव्हाचा लेप दिला. उद्या पहाटेच्या गाडीनं निघायची आहे ती. नवं लुगडं काढून ठेवलंय, खण, नारळ, तांदूळ. सांगितलं तर तिचे आठ दिवस गेले. न सांगावं तर ती देवीपुढं उभी राहून म्हणेल, बाई, तुझं सगळं पाळलं — अन् मी मागं लाल कान घेऊन. न्हाई होत मावशी.

मी? मी न्हाई धरला उपवास. डॉक्टरनं मना केलंय. सकाळी तर्री-पोहे खाऊन आलेय, खरं सांगते.

फोन? आमचे कपाटात ठेवायला लावतात. तुमचा? — अहो पण… बरं. द्या. नंबर पाठ आहे.

हॅलो — आई, मी. दुसऱ्याच्या फोनवरून. न्हाई, पडले न्हाई. भाजलं न्हाई. आई ऐक ना, ते फ्राईज… त्यात गहू होता. पीठ. पहिल्यापासून. मला आज कळलं. आई? …आई, बोल ना. …हाव. …न्हाई, मुद्दाम कसं करीन? …हाव. …मी? उद्या? …पण उद्या इथं… हाव. हाव आई. ठेवते.

मावशी, ऐका. आई म्हणते, लेकरानं दिलं ते मी खाल्लं, माझ्या मनात काही न्हाई. पण मला कसं सांगता येईल देवीला? मला तर माहीतच न्हाई कशात काय घालतात. तू चल. ओटी तू भर, अन् तुझं तू सांग. अन् वर म्हणते, सकाळी लवकर उठ, गाडी थांबत न्हाई तुझ्यासाठी.

हसू नका. आता मी देवीपुढं काय बोलू? तिथंही वेलकमच निघायचं तोंडातून.

तुमचं काय करायचं पण? जावेला सांगा माझं नाव घेऊन, शिव्या घालू द्या. तुमच्या वाट्याची माफी मी मागते उद्या. नाव सांगता? — मनकर्णा. बरं. लक्षात राहील.

थांबा, हा बोर्ड पुसते आधी… निघेना. थुंकी लावू? — न्हाई, घट आहे त्याच्यावर. ओल्या फडक्यानं पुसते. झालं.

आले बघा सर. रांगेत आलेल्या त्या बाईंनाही सांगायचंय मला, अन् त्यांच्या मागच्या त्या दोघींनाही. तुम्ही निघा मावशी, खरंच निघा, तुमचा उपवास, सरांचा आवाज सहन व्हायचा न्हाई. — सर, बोर्ड मी पुसला. अन् उद्या मी येणार न्हाई… जावा मावशी, जावा.