भाऊंची तलवार

सत्काराची हौस म्हणाल, तर माझी एकाच सत्कारात फिटली. तलवारबाजीत पदक घेऊन रहाटणीला परत आले होते. सराव अजून सोसायटीच्या पार्किंगमध्येच चाललेला, गाड्या चुकवत. पप्पा म्हणाले, "सत्काराला जाऊ. भाऊंकडं हॉलचं बोलू." त्यासाठी त्यांनी चाकणच्या कंपनीतली शिफ्टसुद्धा बदलून घेतली.

भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. फ्लेक्सवर भाऊच भाऊ, आणि कोपऱ्यात जाळीचा मास्क घातलेली मी. भाऊ उशिरा आले आणि थेट माईकवर गेले. "या पोरीनं कबड्डीत रहाटणीचं नाव काढलं!"

टाळ्या पडल्या. मला शाल आणि नारळ मिळाला. मी हळूच म्हटलं, "भाऊ, सरावाला एखादा हॉल मिळाला असता तर..."

"कबड्डीला हॉल कशाला, ताई? मैदान हाय की!"

मी काही बोलणार, तेवढ्यात कार्यकर्त्यांनी रिवाजाप्रमाणे भाऊंच्या हातात तलवार दिली. भाऊ फोटोसाठी उपसायला गेले, तर ती म्यानातून निघेना. ओढून ओढून लालबुंद झाले. फोटोग्राफर ताटकळला. शेवटी मीच नारळ पप्पांकडे दिला, तलवार घेतली, एका झटक्यात उपसली आणि सवयीनं पवित्र्यात उभी राहिले.

फोटोग्राफरनं पटापट फोटो काढले. म्हटलं, चला, आता तरी कळलं असेल.

भाऊंनी माझी पाठ थोपटली. "काय हात हाय, राव! ताई, कबड्डी बास झाली. तुम्ही ह्यात उतरा. हॉल मी देतो!"