अर्धं तिकीट आणि छपराचं भोक

आणि खोली एकच! एकच हो! तुम्हाला सांगतो, डोंगरावर एवढं ऐसपैस हॉटेल, अंगणात कारंजं, दोनशे वर्षांची वाइनरी, शेजारी म्युझियम, आणि आम्हाला काय, तर एक खोली, एक पलंग, आणि त्या पलंगावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून बसवलेले! आणि दाराशी कोण? मी, निकासियो, वय वर्षं बासष्ट, आणि माझ्या शेजारी गुमर्सिंदो, वय वर्षं चौसष्ट, हातात टोपी, गालात कोकाच्या पानांचा गोळा, नजर छताकडे. रिसेप्शनवरची पोरगी कागद वाचते, "जोडप्यासाठी विशेष मुक्काम." मग एकदा आमच्याकडे बघते, एकदा कागदाकडे. मी म्हटलं, "बाई, या माणसाशी मी अकरा वर्षं बोललेलो नाही!" तर ती म्हणते कशी, "हो का? माझ्या आईबाबांचंही तसंच आहे."

आता काय बोलणार? आणि बोलणार कुणाशी? मी तर त्याच्याशी बोलतच नाही!

थांबा, तुम्हाला मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा चढवून आलाय. आमच्या गावच्या चर्चच्या छपराला भोक पडलं. वेदीच्या बरोब्बर वर. पाद्री प्रवचन द्यायला उभा राहिला की टकलावर ऊन. मग छपरासाठी सोडत काढायची ठरली आणि तिकिटं विकायला कोण? रुफिनाबाई. बाई विधवा, सत्तरीची, आवाज असा की मेणबत्ती विझायची नाही, पण तिने तिकीट विकायचं म्हटलं की तुम्ही घेतलंच म्हणून समजा. माझ्याकडे आली शेवटचं तिकीट घेऊन. "निकासियो, अर्धंच घे रे बाबा, अर्धं दुसऱ्या कुणीतरी घेतलंय." मी म्हटलं, कुणी? "आहे एक देवभोळा माणूस." तो देवभोळा माणूस म्हणजे गुमर्सिंदो निघाला, आणि तिकिटाला बक्षीस लागलं! दोघांचा मुक्काम, जेवण, वाइन, म्युझियम. आता मी गेलो नाही तर सगळं तो खाणार. तो गेला नाही तर सगळं मी खाणार. म्हणजे दोघांनाही जाणं भागच ना?

पण अडचण होती वाराची. हॉटेलने दिला शनिवार. रुफिनाबाईच निरोप घेऊन आली, "दुसरा दिवसच रिकामा नाही म्हणतात." आणि शनिवार म्हणजे आमची पाण्याची पाळी. आमच्याकडे पाऊस म्हणजे वर्षातून चार शिंका, सगळं शेत जगतं पाटावर, आणि पाट येतो पंधरा दिवसांनी एकदा. सकाळपासून दुपारपर्यंत मी, दुपारपासून सूर्य बुडेपर्यंत गुमर्सिंदो, आणि सगळ्यात खाली, शेवटच्या टोकाला, रुफिनाबाई. तिला बिचारीला रविवारी पहाटे उरलंसुरलं पाणी. आणि नियम कडक. तुमच्या पाळीला पाट अडवणाऱ्या तुमच्या फळीपाशी माणूस उभा नसेल तर पाणी खाली सरकलं, बोंबलत बसा. जानेवारी म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा, मिरचीला नुकता रंग भरायला लागलेला, एक पाळी चुकली की झाडं मान टाकतात. बायको फेलिसा म्हणाली, "मी धरते दारं," तर तिचा गुडघा सुजलेला. तेवढ्यात रुफिनाबाई म्हणाली, "अरे जा तू बिनधास्त, मी आहे ना तुझ्या फळीपाशी. फक्त गुमर्सिंदोला सांगू नकोस, उगाच त्याला वाटेल मी तुझ्या बाजूची." किती समजूतदार बाई! मी म्हटलं सांगायचा प्रश्नच नाही, मी तर त्याच्याशी बोलतच नाही!

का बोलत नाही? एका दगडावरून. हसू नका. अकरा वर्षांपूर्वी माझी पाळी संपायला अर्धा तास बाकी होता, मी जेवायला घरी गेलो होतो, आणि पाटात पाणी अडवायला ठेवलेला माझा दगड कुणीतरी हलवला. पाणी गेलं खाली. खाली कोण? गुमर्सिंदो. माझा कंपाद्रे! माझ्या पोरीला बाप्तिस्म्याच्या दिवशी ज्याने हातात धरलं, तो! मी विचारलं, तर मलाच म्हणतो, "माझ्याकडे थेंब आला नाही, खोटारड्या." बस्स. मी जत्रेत, सगळ्या गावासमोर, छातीवर हात ठेवून शपथ घेतली, पहिला शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. तो पुढे झाला आणि त्यानेही तीच शपथ घेतली. बँडवाले वाजवायचे थांबले होते.

मग अकरा वर्षं चाललं कसं? सुलतानच्या जीवावर. सुलतान म्हणजे गुमर्सिंदोचा कुत्रा. मला काही सांगायचं असलं की मी कुंपणापाशी जायचो आणि म्हणायचो, "सुलतान, तुझ्या मालकाला म्हणावं, त्याची शेळी माझ्या वेलीत शिरलीय." तिकडून आवाज यायचा, "सुलतान, त्याला म्हणावं, वेलींना कुंपण घाल." सुलतान बिचारा एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे. मान मोडली त्याची. पण हॉटेलात कुत्री नेऊ देत नाहीत! म्हणजे दीड तास कच्च्या रस्त्याने हॉटेलच्या गाडीत आम्ही दोघं, शेजारी शेजारी, मध्ये कुत्रा नाही. तुम्ही विचार करा काय अवस्था असेल.

पोचलो. दुसरी खाट टाकून घेतली, हंस उलगडले. तेवढ्यात गाइड आली, राजधानीची पोरगी, कोवळी, टवटवीत. "तुम्ही आत्ता तेवीसशे मीटर उंचीवर आहात! एवढ्या उंचीवर उन्हाने द्राक्षाची साल जाड होते, म्हणून चव दाट!" मी म्हटलं, बाई, मी जन्मल्यापासून त्याच उंचीवर आहे, माझीही साल जाड झालीय, मला नाही कुणी बाटलीत भरत. मागून "हं" असा आवाज आला. गुमर्सिंदो हसला होता. मी वळून बघितलं नाही. कशाला बघू?

मग वाइन. एवढा मोठा पेला आणि तळाशी औषधापुरती दारू. आमच्या घरी पायाने तुडवून करतो ती आम्ही लोट्याने पितो! पोरगी म्हणते, "आधी नाक घाला. काय जाणवतंय? काळी बोरं? तंबाखू? ओलं चामडं?" ओलं चामडं! मी रोज खेचराच्या खोगिराखालून काढतो ते चामडं, त्यासाठी एवढ्या लांब यायचं? आणि आम्ही काय केलं... आता आमच्यात रीत आहे, पहिला घोट पाचामामाचा, म्हणजे धरतीमातेचा, मग आपला. हाताला सवय असते हो. मी पेला तिरका केला आणि ओतला खाली. त्याच क्षणाला गुमर्सिंदोनेही ओतला. दोघांच्या तोंडून एकदम निघालं, "घे ग माये!" कुठे ओतला? पांढऱ्या गालिच्यावर. पोरगी किंचाळली. "अहो, थुंकायला भांडं आहे ना इथे!"

थुंकायला! दारू! तुम्हाला सांगतो, बाजूचे पाहुणे खरंच थुंकत होते. पित होते आणि थुंकत होते, आणि मान डोलवत होते. धरतीला दिली तर गालिचा खराब, आणि भांड्यात थुंकली तर रसिक! मी गुमर्सिंदोकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत. मला इतकं बोलावंसं वाटलं! जीभ ओठापर्यंत आली आणि परत गेली. पाचामामाशी बोललो ते वेगळं, ते धरायचं नाही. त्याच्याशी मी बोलतच नाही!

मग म्युझियम. बूट काढा म्हणाले. काढले. माझ्या उजव्या मोज्याला भोक. चोरून बघितलं, गुमर्सिंदोच्या डाव्या मोज्याला भोक. आत गेलो, म्हटलं चित्रं कुठायत? चित्रं नाहीत. पुतळे? नाहीत. मग आहे काय? "प्रकाश," पोरगी हळू आवाजात म्हणाली, जशी काही प्रकाशाला झोप लागलीय. म्हणजे बघा, आमच्या गावात दिवा गेला तर आठवडा आठवडा येत नाही, आणि इथे नुसता दिवा बघायला लोक समुद्रापलीकडून येतात! ती म्हणाली, "आत दोघं दोघं जा. भिंत शोधू नका."

शोधू नका म्हणजे? मी आत पाऊल टाकलं आणि भिंत नव्हतीच. कोपरा नाही, छत नाही, जमीन कुठे संपते कळत नाही, सगळीकडे नुसता गुलाबी, मग निळा, मग कसलातरी रंग ज्याला आमच्याकडे नावच नाही. पायाखाली काही आहे का तेही समजेना. हात पुढे केला, काही लागेना. तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला वाटलं मी मेलो. असंच असणार म्हटलं ते, असं गप्प, असं रिकामं, आणि आपण मोज्यांवर, तेही फाटक्या. आणि मग मनात काय आलं माहितीये? फेलिसा नाही, माझी लेक नाही. मनात आलं, अरे, गुमर्सिंदोशी बोलायचं राहिलं की!

आणि मी खोकलो. नुसता खोकलो हं. शपथ मोडली नाही... बरं, बरं, खोकलो नाही. हाक मारली. "गुमर्सिंदो, आहेस का रे?" असा आवाज फुटला माझा, लहान पोरासारखा. आणि अगदी जवळून, माझ्या कोपराशी, उत्तर आलं, "आहे रे. हात दे. मलाही काही दिसत नाही." त्याचा हात थंडगार होता. आम्ही दोघं हात धरून त्या निळ्यात उभे राहिलो आणि मी रडलो. का रडलो विचारू नका, रडलो. तोही रडला. गाइड दाराशी येऊन कुजबुजली, "कलेचा परिणाम होतो असा कधी कधी."

बाहेर आलो ते बोलतच. अकरा वर्षांचं साठलेलं! कोण मेलं, कुणाची शेळी व्याली नाही, कुणाचं खेचर व्यालं असा दावा आहे... म्हणजे सगळंच. त्याने कोकाची पिशवी पुढे केली, मी मूठभर घेतली. सूर्य बुडायच्या वेळेला आम्हाला एका उघड्या दालनात चटईवर उताणं झोपवलं. वर बघतो तर काय... छपराला भोक! चौकोनी, मुद्दाम पाडलेलं! आणि सगळे पाहुणे श्वास रोखून त्या भोकातून आभाळ बघतायत. गुमर्सिंदो म्हणाला, "अरे, आपण आपलं बुजवायला तिकिटं विकली! त्यापेक्षा पाद्र्याला उताणा झोपवून तिकिटं लावायला हवी होती." मी इतका हसलो की एका बाईने श्श केलं.

मग तो एकदम गंभीर झाला. "निकासियो, तुझं पाणी कोण धरतंय आज?"

"रुफिनाबाई."

"माझंही तिनेच धरलंय. तुला सांगू नको म्हणाली होती."

"मलाही!"

दोघांनी उसासा टाकला. काय भली बाई! या वयात दिवसभर दोन दोन फळ्या! तिच्या नावाने एक पेला प्यायलो, पहिला घोट यावेळी बाहेर मातीत ओतून. मग मी म्हटलं, "आता सांगच, त्या दिवशी माझा दगड का हलवलास?" तो उठून बसला. "मी? आईची शपथ, मी त्या दिवशी पाटाकडे फिरकलोही नव्हतो. तूच पाणी अडवून ठेवलंस ना?" "अरे, नाही!" "मग अर्ध्या तासाचं पाणी गेलं कुठे?" आम्ही खूप विचार केला. उंदीर म्हणालो, भूकंप म्हणालो. तुम्ही आत्ता हसताय, तुम्हाला कळलं. आम्हाला नाही कळलं! दिवसभर नुसता प्रकाश बघून आलो होतो, आणि डोक्यात एक तिरीप पडली नाही!

ती पडली रविवारी दुपारी. गाडी शेवटच्या वळणावर आली, खाली आमचं खोरं दिसलं. माझं शेत बघितलं, मिरचीने माना टाकलेल्या. गुमर्सिंदोचं बघितलं, जमिनीला भेगा. आणि त्याच्या खाली... एवढंसं रान, हिरवंगार, वाफ्यावाफ्यात पाणी तुंबलेलं, उन्हात लखलख करतंय, आणि मधोमध रुफिनाबाई, फावडं टेकून, आम्हाला हात करतेय. आम्ही गाडीतून उतरलो, पाटापाशी गेलो. दोन्ही फळ्या उचलून बाजूला नीट ठेवलेल्या. एक माझी, एक त्याची. स्वच्छ काम!

ती चालत आली आणि त्या मऊ आवाजात म्हणाली, "आलात? मी उभीच होते रे दोघांच्या फळ्यांपाशी. पण नियम असा की मालक हवा. पाणी ऐकेना माझं. सरकलं खाली. काय करू?" मी विचारलं, "आणि अकरा वर्षांपूर्वीचा दगड?" तर बाई थोडी लाजली. "तेव्हा माझी मिरची फार सुकली होती, निकासियो. तुम्ही दोघं आपसांत भांडायला लागलात, मग मला विचारायला कुणी आलंच नाही." कुणी आलंच नाही! म्हणजे चूक आमचीच!

निम्मी मिरची गेली. पण खरं सांगू? संध्याकाळी गुमर्सिंदो माझ्या अंगणात येऊन बसला, अकरा वर्षांनी, त्याच जुन्या बाकावर, आणि मला मिरचीचं म्हणावं तेवढं दुःख होईना. पण शिक्षा तर व्हायला हवी ना बाईला? आम्ही दोघांनी चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्या गावासमोर, छातीवर हात ठेवून शपथ घेतली. आता रुफिनाबाईशी आम्ही बोलत नाही! दोघंही!

आणि सांगायचं तर केवढं आहे तिला. फळीबद्दल, दगडाबद्दल, त्या हिरव्यागार मिरचीबद्दल... पण अडचण बघा काय आहे. बाईकडे कुत्रंच नाही. एखादं पाळ म्हणावं, तर सांगणार कोण? आम्ही तर तिच्याशी बोलतच नाही!