शनिवारची नंबरप्लेट

…आणि वर रंग पिवळा! म्हणजे माणसानं दोन सीटची गाडी घ्यावी, जमिनीला पोट घासत जाणारी घ्यावी, डिकीत एक कलिंगड ठेवलं तर झाकण लागू नये अशी घ्यावी, सगळं समजू शकतो, ज्याची त्याची हौस, पण निदान अडचणीच्या वेळी लपवता येईल अशा रंगाची तरी घ्यावी की नाही? तुम्हाला सांगतो, हातातल्या या पान्याची शपथ घेऊन सांगतो, आता जे सांगणार आहे त्यात एक अक्षर खोटं नाही. सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे… सगळं असं नाही. गाडीत मी नव्हतोच. कसा असणार? गाडी दोन माणसांची! पण क्लेव्हेरनं मला स्वतः सांगितलंय, आणि क्लेव्हेर याग्वाल खोटं बोलत नाही. बोलतो, पण फक्त गाडीच्या ॲव्हरेजबद्दल, आणि तेवढं तर आमचे पाद्रीबाबासुद्धा बोलतात.

तर हा क्लेव्हेर. माझ्या गॅरेजच्या समोरच्या घरात राहतो. धंदा खुर्च्या-मंडपाचा. आमच्या ग्वायाकिल शहरात पोरगी पंधरा वर्षांची झाली की बाप उपाशी राहील पण पार्टी करील, आणि पार्टी म्हटली की क्लेव्हेरच्या चारशे पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीला गुलाबी सॅटिनची फीत, तीन तंबू, आणि कान किटवणारा एक स्पीकर. वीस वर्षं या माणसानं खुर्चीवर खुर्ची रचली आणि एके दिवशी ही पिवळी घेऊन आला. केळी परदेशी पाठवणाऱ्या कुठल्याशा शेठच्या पोराची जुनी गाडी, पोराला कंटाळा आला म्हणून विकलेली. तिसरा गिअर पडायला तयार नाही, आणि इंजिनाचा आवाज पोट बिघडलेल्या वाघासारखा.

त्याची थोरली बहीण नार्सिसा हातात डाव घेऊनच बाहेर आली. आई गेल्यावर हिनंच त्याला वाढवला, कोपऱ्यावर पहाटे माशाचं सार विकून. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "यात तांदळाचं पोतं कुठं बसणार?"

"ताई, हिच्यात पोतं नाही, माणसं बसतात."

"किती?"

"दोन."

"मग दुसरं कोण? तुझ्याशी तर अजून कुणी लग्नही केलं नाही."

अख्खी गल्ली हसली. मी पण हसलो, आता खोटं कशाला बोलू?

आणि स्पोर्ट्स कारवाल्याचं दुःख तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला वाटतं तो वाऱ्यासारखा पळतो. अहो, आमच्या गल्लीत सात स्पीडब्रेकर! भरलेला पेला हातात धरून चालल्यासारखी तो ती गाडी तिरकी तिरकी चढवायचा, आणि बाजूनं फळांची हातगाडी त्याला ओव्हरटेक करून जायची. उतरताना आधी एक पाय बाहेर, मग एक हात, मग देवाचं नाव. खेकडेवाला लांबून पिवळं काही दिसलं की भाव चढवायचा, म्हणून हा बिचारा दोन गल्ल्या अलीकडे गाडी लावून चालत खेकडे आणायला जायचा. कुणाला लिफ्ट द्यावी तर उरलेले रुसतात. का? गाडी दोन माणसांची!

मग ती साथ आली.

मार्चमध्ये एका आठवड्यात सगळ्या पार्ट्या रद्द. पंधरा वर्षांच्या पोरी घरात बसून सोळाच्या व्हायला लागल्या. क्लेव्हेर रचलेल्या खुर्च्यांसमोर उभा राहायचा आणि नुसता बघायचा. आणि मग एक दिवस फोन वाजला. हॉस्पिटलबाहेर रांग लागते, लोक उन्हात कोसळतात, खुर्च्या हव्यात. दुसऱ्या दिवशी मृत्यूचे दाखले देणाऱ्या कचेरीचा फोन, तिथंही रांग. तिसऱ्या दिवशी दफनभूमीचा. चारशेच्या चारशे गेल्या हो! गेल्या वीस वर्षांत धंदा असा चालला नव्हता. घाईत फिती सोडायला वेळ कुठला मिळतोय? तुम्हाला सांगतो, त्या दिवसांत आमच्या शहरातली माणसं मेलेल्याचा कागद मिळावा म्हणून पाठीला गुलाबी फीत लावून बसली होती. क्लेव्हेर ते पाहून आला, माझ्या गॅरेजात टायरवर बसला, आणि एवढंच म्हणाला, "मिस्त्री, आज मी देवाकडे मागितलं, माझा फोन वाजू नये म्हणून."

देवाचा फोन बहुतेक बंद होता. त्याच आठवड्यात नार्सिसा आजारी पडली.

हॉस्पिटलात खाट नाही. डॉक्टर म्हणाला घरीच ठेवा, ऑक्सिजन लावा. ऑक्सिजनची एक मोठी टाकी, आणि ती भरून येईपर्यंत लावायला एक छोटी, कशीबशी मिळाली, पण मोठी जेमतेम एक दिवस पुरायची आणि भरून मिळायची नदीपलीकडे, पूल ओलांडून. खुर्च्यांचा ट्रक? ड्रायव्हर तो घेऊन गावाला गेला तो तिकडेच अडकलेला. टॅक्सी? बंद. राहिली कोण? पिवळी! आता सरकारचा नियम असा, की नंबरप्लेटचा शेवटचा आकडा पाहून प्रत्येक गाडीला आठवड्यातून एक दिवस बाहेर पडायची मुभा. क्लेव्हेरचा आकडा नऊ, म्हणजे शुक्रवार. दुपारी दोननंतर तर संचारबंदीच. तुम्हीच सांगा, ज्याला रोज श्वास घ्यायचाय त्यानं शुक्रवारच्या शुक्रवारी घ्यावा काय?

मग अक्कल चालवली मी. म्हणजे चूक माझीच. गल्लीतल्या सगळ्या गाड्या दारात उभ्या, त्यांच्या प्लेटा नुसत्या ऊन खात बसलेल्या. सोमवारी मी भाजीवाल्याच्या टेम्पोची प्लेट काढून पिवळीला लावली. मंगळवारी दातांच्या डॉक्टरची. बुधवारी शाळामास्तरांची. रोज सकाळी चार स्क्रू, रोज नवा जन्म. नाक्यावरचे पोलीस त्या उकाड्यात शेवटचा आकडा तेवढा बघायचे आणि हात हलवायचे. शेजारच्या सीटवर टाकी, पट्टा बांधलेली. लांबून कुणाला वाटायचं बिनमास्कचा माणूस बसलाय, म्हणून क्लेव्हेरनं टाकीला मास्क लावला. हे ऐकून नार्सिसा हसायला लागली आणि तिला धाप लागली, तेव्हापासून घरात विनोद बंद झाले.

शुक्रवारी टाकी अर्धीच भरून मिळाली. म्हणजे शनिवारी सकाळीच जाणं आलं. आणि शनिवार-रविवार कुठलाच आकडा चालत नाही. रस्त्यावर फक्त डॉक्टर, धान्याचे ट्रक आणि मेलेले.

आता माझ्या गॅरेजात काय पडलं होतं? कोपऱ्यावरच्या अंत्यविधीवाल्याची शववाहिका! गिअरबॉक्स खोललेला, पार्ट बंदरात अडकलेले. मी क्लेव्हेरकडे पाहिलं, क्लेव्हेरनं माझ्याकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावून क्रूसाची खूण केली. मी स्क्रू पिळत असताना वरच्या खिडकीतून नार्सिसाचा आवाज आला, आज कुणाची प्लेट म्हणून. तो म्हणाला, "डॉक्टरची, ताई." ताईशी तो बोललेला तेवढंच एक खोटं.

पुलाच्या अलीकडे नाकाबंदी. हवालदार होल्गेर चोनिल्यो. जाडजूड माणूस, डोळे सुजलेले. त्यानं नंबर पाहिला, यादी पाहिली, परत नंबर पाहिला.

"शववाहिका," तो म्हणाला.

"हो साहेब."

"ही?"

"हो साहेब."

"पिवळी?"

क्लेव्हेर म्हणाला, "लांबून दिसते, साहेब. लोक बाजूला होतात."

मी असतो तर हसलो असतो. हवालदार हसला नाही. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, टपावर हात ठेवला, वाकला आणि हळूच म्हणाला, "परवापासून फोन करतोय मी तुम्हा लोकांना. एक जण उचलत नाही. वडील घरातच आहेत. आई त्यांना पंखा लावून बसलीय."

क्लेव्हेरनं खरं सांगून टाकलं. प्लेट खोटी आहे, टाकी भरायचीय, ताई घरी एकटी आहे, तिच्याजवळची छोटी टाकी संध्याकाळपर्यंतही पुरणार नाही.

"प्लेट खोटी आहे ते दिसतंय मला," हवालदार म्हणाला. "बावीस वर्षं प्लेटाच वाचतोय. गाडी तर खरी आहे ना?"

आणि मग त्यानं सौदा सांगितला. टाकी माझ्याकडे दे. मी वर्दीत आहे, सरकारी जीप आहे, मला रांगेत कोण उभं करील? भरून तुझ्या घरी पोचवतो. तू बाबांना ने. जीप मिळते, पण प्रेत घालायला परवानगी नाही. आणि तुझी गाडी… तुझी गाडी कागदोपत्री शववाहिका आहे.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? ती टाकी म्हणजे नार्सिसा. ती द्यायची एका अनोळखी पोलिसाच्या हातात, ज्याचं नाव खिशावर वाचलं तेवढीच ओळख? बरं, नाही म्हणावं, तर हा गाडीच जप्त करणार, मग टाकीही गेली आणि पूलही गेला. आणि दोघं एकत्र नेऊ म्हणावं, टाकी आणि म्हातारा, तर गाडी दोन माणसांची! क्लेव्हेरनं पट्टा सोडला. टाकीचा मास्कही काढून घेतला.

हवालदाराचे वडील एउडोरो. चाळीस वर्षं शहरात बस चालवलेला माणूस. त्यांना त्या सीटवर कसं बसवलं ते क्लेव्हेरनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. म्हातारीला बरोबर यायचं होतं. तिनं दोन्ही सीट पाहिल्या, नवऱ्याचा शर्ट नीट केला. मग क्लेव्हेरला म्हणाली, "स्पीडब्रेकरवर हळू घे रे पोरा. स्वतः चालवायचे तेव्हा काही नाही, पण शेजारी बसलं की मळमळतं त्यांना."

सगळे स्पीडब्रेकर त्यानं तिरके घेतले. एकही चुकवला नाही.

दफनभूमीबाहेर टेम्पोंची, पिकअपची, हातगाड्यांची रांग, पार हमरस्त्यापर्यंत. मधे ही पिवळी. पुढच्या टेम्पोवरची एक बाई मागं वळून म्हणाली, बघा, पैसेवाल्यांना वर जायलासुद्धा स्पोर्ट्स कार लागते. क्लेव्हेरला सांगायचं होतं की बाई, हे बस ड्रायव्हर होते. पण सांगून काय करणार? काच वर केली, एसी लावला, आणि तीन तास, तुम्हाला सांगतो, तीन तास तो एउडोरोंशी बोलत बसला. ड्रायव्हरशी ड्रायव्हर बोलतो तसं. तिसरा गिअर पडत नाही म्हणाला. मिस्त्री चोर आहे म्हणाला, म्हणजे मी. खेकडेवाल्याचं सांगितलं. खुर्च्यांचं सांगितलं, त्या बघा समोर, फितीवाल्या, माझ्याच आहेत. आणि दर दहा मिनिटांनी एकच विचारायचा, "काका, तुमचा पोरगा शब्दाचा पक्का आहे ना?"

काका काही बोलले नाहीत.

साडेचारला सगळं उरकलं. संचारबंदी कधीच लागलेली. अख्खं शहर रिकामं, सिग्नल आपले लाल-हिरवे होताहेत कुणासाठी कोण जाणे. शववाहिकेला कोण अडवणार? क्लेव्हेरनं पाय दाबला. तिसरा गिअर पडला, चौथा पडला, पाचवा पडला, त्या मेलीनं कधी नव्हे ते सगळे गिअर घेतले! घेतल्यापासून पहिल्यांदा ती गाडी गाडीसारखी पळाली.

गल्लीत वळला, तर दारात जीप. खांद्यावर भरलेली टाकी घेऊन हवालदार जिना चढतोय, आणि वर खिडकीत नार्सिसा, तोंडाला नळी, तरी तोंड चालू. म्हणाली, "हा माणूस तुझ्यापेक्षा लवकर आला. याला विचारून बघते, घरी कोण कोण आहे, माझ्याशी लग्न करणार का!"

हसलात ना? हसा. मी नेहमी इथंच संपवतो. लोक पाठीवर थाप मारतात, कुणी बिअर पाजतो, आणि मी घरी जातो.

पण आज पान्याची शपथ घेऊन बसलोय.

प्लेट खरी. पिवळा रंग खरा. एउडोरो खरे, म्हातारी खरी, टाकीचा मास्कही खरा. फक्त टाकी भरलेली नव्हती. तेवढी मी भरली. हवालदार गेला, वर्दीत गेला, सायरन लावून गेला, आणि तिथला ऑक्सिजन बारालाच संपला होता. आणखी दोन ठिकाणी फिरला. तीनच्या सुमाराला रिकामी टाकी घेऊन आमच्या गल्लीत आला. खाली ठेवून निघून जाता आलं असतं त्याला. तो वर गेला. मी दारातून पाहिलं, खाटेजवळ बसून आपल्या टोपीनं तो तिला वारा घालत होता. चारला तिचा श्वास थांबला, मग त्याची टोपी. त्या वेळी क्लेव्हेर तिकडे रांगेत, हवालदाराच्या बापाला तिसऱ्या गिअरचं सांगत होता.

ते लग्नाचं बोलणंही मीच तिच्या तोंडी घातलं. पण ती बोललीच असती, हो.

रविवारी सकाळी मी पाना घेऊन पिवळीपाशी बसलो. म्हटलं आता हिची खरी प्लेट हिला लावून टाकू, निदान तेवढं तरी. एक स्क्रू सोडला असेल. क्लेव्हेर खाली आला. धुतलेला शर्ट, केस विंचरलेले. शेजारच्या सीटचा पट्टा ओढून पाहिला, नीट लागतो का.

"राहू दे, मिस्त्री," म्हणाला. "आज ती खरी आहे."